बदली तीनशे, पैकी लाल साठ

लग्न होऊन काळाचौकीच्या चाळीत आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिले सात महिने मी सासऱ्यांशी एकही वाक्य बोलले नाही. भांडण नव्हतं, पद्धत होती. ते जेवायला बसले की मी वाढायचे, पुरे झालं की ते ताटावर हात आडवा धरायचे. एवढ्यावर आमचं भागत होतं.

मामंजी एका कापडगिरणीत रंगखात्यात एकतीस वर्षं होते. नखांच्या कडा निळ्या पडल्या होत्या, साबणाने जात नव्हत्या. छातीनेही रंग धरला होता. जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबायचे आणि भिंतीकडे असं बघायचे, जणू तिथे काही लिहिलंय. शेवटी गिरणी सुटली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज पहाटे मोकळ्या हवेत फिरायला जा. चांगल्या हवेत असं म्हणाले नव्हते. त्यामुळे मामंजींनी शिवडी बंदर निवडलं.

शिवडीला तेव्हा लाकडाच्या वखारी होत्या, कोळशाचे ढीग होते आणि ओहोटी लागली की नजर पोचेल तिथवर काळा चिखल होता. वास सगळ्याचा मिळून एकच यायचा. आमच्या घरून चालत अर्धा तास, मामंजींच्या पावलांनी पाऊण.

मी त्यांच्याबरोबर जायला लागले ते सासूबाईंच्या हुकमाने. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. गिरणगावात रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, लाठी. पलीकडच्या चाळीतला एक विणकर गोळी लागून गेला होता. त्याच्या बायकोचं रडणं आमच्या खोलीत ऐकू यायचं. सासूबाईंना खात्री होती की म्हातारा फिरायच्या नावाखाली मोर्च्यात जाणार, आणि तिथे धावायची वेळ आली की भिंतीकडे बघत उभा राहणार.

"तू जा गो त्यांच्या वांगडा," त्या मला म्हणाल्या. "आणि माका येऊन सगळा सांग. खोटा सांगू नको."

मी गेले. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, मामंजींच्या मागे पाच पावलं. पहिले दोन दिवस ते बंदराच्या टोकाला दगडावर बसले, मी दुसऱ्या दगडावर बसले. समोर चिखल होता. चिखलावर काहीतरी हलत होतं. सूर्य खाडीच्या पलीकडून, अगदी समोरून उगवायचा, त्यामुळे ऊन वर येईपर्यंत जे काही होतं ते काळंच दिसायचं. तिसऱ्या दिवशी मामंजींनी पिशवीतून दुर्बीण काढली. ती त्यांना एका गाववाल्या खलाशाने दिली होती. तिचा डावा डोळा धुरकट होता, उजव्याने दिसायचं. त्यांनी बराच वेळ लावून ठेवली, मग माझ्याकडे न बघता मागे हात करून माझ्यापुढे धरली.

"तुका दिसता?"

"होय," मी म्हटलं.

हे आमचं पहिलं बोलणं.

मला दिसलं ते असं: मुठीएवढे करडे पक्षी, शेकड्यांनी, चिखलात चोची खुपसत पुढे सरकत होते. कोणी सांगितल्यासारखे एकदम थांबत, एकदम पुढे जात. मी त्या पक्ष्यांचं नाव विचारलं. मामंजींना नाव माहीत नव्हतं. रंगखात्यात पक्षी नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बदली."

गिरणीच्या दरवाजाशी रोज सकाळी बदली कामगार उभे असत. कोणी गैरहजर असला तरच त्यांना त्या दिवसाचं काम. त्यांची अशीच गर्दी, असंच पुढे-मागे सरकणं. मला नाव पटलं.

मग बाकीच्यांची नावं आपोआप पडली. पांढरा बगळा एका पायावर उभा राहून दुसऱ्यांनी उकरून काढलेलं खायचा, तो जॉबर, गिरणीतल्या मुकादमासारखा. लांब गुलाबी पायांचा, कपड्याला चिखल लागू नये म्हणून जपून चालणारा, तो मास्तर, म्हणजे खात्याचा साहेब. आणि हातभर वाकडी चोच भोकात घालून फिरवणारा, एकटा राहणारा मोठा पक्षी, तो फिटर.

"तुका लिवूक येता मां?" मामंजींनी विचारलं.

मी गावी मराठी सातवी पास झाले होते. दुसऱ्या दिवशी मी वही नेली. तिथी, पाणी किती, कोण किती, असं लिहायला लागले. तिथी लागायचीच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे पूर्ण ओहोटी असायची आणि सगळी मंडळी चिखलावर हजर. अष्टमीला गेलो तर भरती, आणि समोर नुसतं पाणी. म्हणून आम्ही तिथी बघून जाऊ लागलो. सासूबाईंना आधी वाटलं, म्हाताऱ्याला देवाधर्माचं लागलं.

आम्ही पक्षी बघतो हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्या भाकरी थापत होत्या.

"पक्षी?"

"होय."

"दोघांय जणां?"

"होय."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "बरा. सांगूचा नसात तर नको सांगा."

आम्ही काही लपवतोय असं त्यांना वाटायला कारण होतं. आमच्या समोरच्या खोलीत चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी राहायचे. तिशीतला माणूस, सूतखात्यात कामाला. अंगात सतत खादीचा सदरा आणि घशाला सतत घोषणांनी बसलेला आवाज. त्यांनी एका पहाटे गॅलरीत मामंजींना विचारलं, "काका, रोज कुठे निघता?"

मामंजी काय सांगणार? माणसं तुरुंगात जात होती. एकतीस वर्षं गिरणीत काढलेला माणूस बगळे बघायला जातो, हे त्यांच्या तोंडून निघेना. ते म्हणाले, "काम आसा."

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, पाच पावलं मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

"समजलं," ते हळूच म्हणाले. "पुढे बोलू नका."

मामंजी पुढे बोलले नाहीत. आठ दिवसांत चाळभर झालं की आमचे मामंजी बंदरावर चळवळीचं गुप्त काम करतात आणि संशय नको म्हणून सुनेला बरोबर नेतात. नळावर बायका सासूबाईंना पहिला हंडा भरू देऊ लागल्या. चाळीत त्याआधी असा मान फक्त बाळंतिणीच्या आईला मिळाला होता. सासूबाई घरी धुसफुसायच्या आणि नळावर मान ताठ ठेवून उभ्या राहायच्या. एक दिवस त्यांनी माझ्या पिशवीत फडक्यात बांधलेलं काहीतरी घातलं.

"चार भाकऱ्यो ज्यास्त आसत," त्या म्हणाल्या. "जे कोण लपान आसत, त्यांका."

लपलेलं तिथे कोणी नव्हतं. पण शिवडीच्या कोळीवाड्यातली एक बाई रोज चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला यायची. मामंजींच्याच वयाची, गुडघाभर चिखलात कमरेत वाकलेली. तिला आम्ही भाकऱ्या दिल्या. तिने फडकं रिकामं न देता त्यात मूठभर तिसऱ्या बांधून दिल्या. सासूबाईंनी त्या शिजवल्या आणि आपल्या मुलाला वाढताना पुटपुटल्या, "बिचाऱ्यांका स्वतःक खाऊक नाय, तरी धाडतत."

माझ्या नवऱ्याने दोन वेळा मागून घेतल्या. तो सकाळच्या पाळीला सातच्या आत जायचा, संध्याकाळी यायचा. गुप्त कामाबद्दल त्याने मला कधी काही विचारलं नाही. खूप वर्षांनी मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

माघ संपला, फाल्गुन लागला. शिमग्याच्या सुमारास मामंजींनी दुर्बीण खाली घेतली आणि डोळे चोळले.

"गो, त्या बदलीच्या छातीवर बघ."

एका करड्या पक्ष्याच्या छातीवर तांबूस ठिपके होते. आठवड्याने ठिपक्यांचे डाग झाले, डागांचे पट्टे झाले. दहा-बारा पक्षी तसे दिसायला लागले, मग वीस-पंचवीस. विटेसारखा लाल रंग पोटावरून वर चढत होता. मामंजी दगडावरून उठले. एकतीस वर्षं त्यांनी कापडाला रंग चढताना बघितला होता, आणि तो कुठे बसतो, कुठे बसत नाही, हे त्यांना हातानेही कळायचं.

"कच्चो नाय," ते म्हणाले. "आतून येता. असो रंग आमका एकदाय जमलो नाय."

त्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. छातीत घरघर होती तरी ते बोलत राहिले. कुठल्या साली कुठला लाल फसला, कुठल्या मास्तराने कोणाला काय म्हटलं, गरम हौदात हात घालून कापड फिरवताना कातडी कशी सुटायची. मी दगडावर बसून ऐकलं. डोक्यावरचा पदर कधी पडला ते मला कळलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

कोळीणबाईला आम्ही विचारलं, हे लाल का होतात?

"पावणे हायेत ते," ती चिखलातूनच म्हणाली. "शिमग्याला रंग खेलतान आन् मंग जातान."

"खंय जातत?" मामंजींनी विचारलं.

"त्यांच्या घरी. पावणा कुठं जातो?"

फाल्गुन अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी सेक्रेटरी आमच्या दारात आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा होता. सभेची पत्रकं. शिवडीच्या कोळीवाड्यात ती पोचवायची होती, आणि तिकडे पोलिसांचं लक्ष असल्यामुळे मंडळाच्या कोणी जाणं बरं नव्हतं.

"तुमची तिकडे माणसं आहेतच," सेक्रेटरी म्हणाले.

मामंजींची तिकडे एक बाई होती आणि तीनशे बदली होते. ते गठ्ठ्याकडे बघत राहिले. सासूबाई चुलीपाशी होत्या, त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता तरी सांगतील. मामंजींनी दोन्ही हात पुढे करून गठ्ठा घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गठ्ठा पिशवीच्या तळाशी, वर भाकऱ्या, वर दुर्बीण, वर वही, असे आम्ही निघालो. मामंजी नेहमीपेक्षा भरभर चालले आणि त्यामुळे जास्त वेळा थांबले. बंदरावर पोचल्यावर त्यांनी कोळीणबाईला हाक मारली.

"काय हाय?" तिने गठ्ठा हातात घेऊन विचारलं.

"वाचूक."

"मला वाचता नाय येत."

"मगे वाटूक."

तिने जास्त चौकशी केली नाही. गठ्ठा टोपलीच्या तळाशी घातला, वर ओल्या तिसऱ्या ओतल्या आणि कामाला लागली. मामंजींनी मोठा श्वास सोडला आणि दुर्बीण लावली. त्या दिवशी पाणी पार आत गेलं होतं आणि मंडळी कधी नव्हे इतकी जमली होती. आम्ही दीड तास मोजत होतो. मोजून झालं आणि मागे बुटांचा आवाज आला.

दोन शिपाई होते. गोदीच्या बाजूला दुर्बीण लावून बसलेला म्हातारा आणि शेजारी वहीत लिहिणारी बाई, असं दृश्य त्यांनी पूर्वी बघितलं नसावं. त्यांनी आम्हाला चौकीत नेलं. कोळीणबाई वाकलेलीच राहिली. तिने मान वर केली नाही.

चौकीतले इन्स्पेक्टर देशावरचे, मध्यम वयाचे होते. डोळे तांबारलेले, चार दिवस झोप नसावी. त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं, मामंजींनाही सांगितलं. पिशवी रिकामी केली. चार भाकऱ्या, दुर्बीण, वही. वही उघडून त्यांनी त्या दिवसाचं पान मोठ्याने वाचलं.

"फाल्गुन अमावास्या. शिवडी बंदर. बदली अदमासे तीनशे. पैकी लाल झालेले साठ."

ते थांबले. शिपायांपैकी एकाने दार लावून घेतलं.

"जॉबर अकरा. मास्तर चार. फिटर दोन, एकमेकांपासून लांब. सगळे उत्तरेकडे तोंड करून." त्यांनी वही खाली ठेवली. "अक्षर कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"बदली म्हणजे बदली कामगार?"

"त्यांच्यासारखे," मामंजी म्हणाले. "पक्षी आसत."

"हे मास्तर कुठल्या खात्याचे?"

"खात्याचे नाय. पाय लांब आसत म्हणान मास्तर."

इन्स्पेक्टरांनी कपाळ चोळलं. "साठ जणांना लाल कोणी केलं?"

"कोणी नाय. आपसूक होतत. फाल्गुनात सुरू होता, पोटाकडसून वर."

"आणि मग?"

"मगे जातत."

"उत्तरेकडे तोंड करून म्हणता. दिल्लीला?"

मामंजींनी प्रश्न नीट ऐकला. "दिल्लीच्या फुडे जात असतले," ते म्हणाले. "खंय ता माका म्हायत नाय. तुमका म्हायत आसा?"

खोलीत कोणी हसलं नाही. इन्स्पेक्टरांनी वहीची मागची पानं चाळली. पौष, माघ, सगळीकडे बदली, जॉबर, मास्तर. एका पानावर मी लिहिलं होतं, 'आज फिटर आला नाही, मामंजींना चैन पडले नाही.' ते पान त्यांनी दोनदा वाचलं. मग उठले आणि म्हणाले, "दाखवा."

आम्ही दोघं, इन्स्पेक्टर आणि एक शिपाई पुन्हा बंदरावर गेलो. अकरा वाजत आले होते. चिखल कुठेच नव्हता. भरतीचं पाणी थेट दगडांपर्यंत आलं होतं आणि एका खांबावर एकच पांढरा बगळा उभा होता.

"हा कोण?"

"जॉबर," मामंजी म्हणाले.

"आणि बाकीचे?"

"पाळी सुटली."

इन्स्पेक्टर बगळ्याकडे आणि बगळा इन्स्पेक्टरांकडे काही वेळ बघत होता. शेवटी त्यांनी विचारलं, उद्या किती वाजता? मामंजी म्हणाले, साडेसहा-सातला. इन्स्पेक्टरांनी दुर्बीण आम्हाला परत दिली, वही ठेवून घेतली आणि आम्हाला घरी जायला सांगितलं.

घरी बातमी आधीच पोचली होती. वखारीत काम करणाऱ्या आमच्याच चाळीतल्या एकाने आम्हाला शिपायांबरोबर जाताना बघितलं होतं. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. सेक्रेटरींनी मामंजींच्या गळ्यात हार घातला, बायकांनी मला कुंकू लावलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी मामंजींच्या डोक्याकडे, मग हातापायांकडे बघितलं. सगळं जागच्या जागी आहे असं दिसल्यावर त्या आत जाऊन भांडी आपटू लागल्या.

"काका, दोन शब्द बोला," सेक्रेटरी म्हणाले.

मामंजींनी हार काढला. जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. दुसऱ्याच्या कपड्यात उभा राहिलेला माणूस असावा तसा.

"मी खराच सांगतंय," ते म्हणाले. "मी थंय पक्षी बघूक जातंय. दुसरा काय करूक नाय."

मग सेक्रेटरी त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "ऐकलंत? पोलिसांनाही हेच सांगितलं असणार. शेवटपर्यंत हेच!" टाळ्या इतका वेळ वाजल्या की खालच्या वाण्याने दुकान बंद करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर खरंच आले. साधा सदरा, पायजमा, हातात आमची वही. मामंजींनी त्यांना ऊन डोळ्यांवर येणार नाही अशा दगडावर बसवलं आणि उजव्या डोळ्याने बघायला सांगितलं. ते अर्धा तास मोजत राहिले. मग म्हणाले, "बावन्न."

"काल साठ होते," मामंजी म्हणाले.

"आज बावन्न आहेत. मी दोनदा मोजले."

"मगे आठ गेले."

इन्स्पेक्टरांनी माझी पेन्सिल घेऊन वहीत स्वतः बावन्न लिहिलं आणि वही मला दिली. जाता जाता म्हणाले, त्यांच्या गावच्या तळ्यावर अशा पक्ष्याला तुतवार म्हणत. मी लिहून घेतलं: चौकीच्या मते तुतवार. नंतर त्यांची बदली झाली असं ऐकलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी बाजारातून तिसऱ्या आणल्या. त्या ज्या कागदात बांधल्या होत्या ते सभेचं पत्रक होतं. शेजारणीकडेही तेच, खालच्या मजल्यावरही तेच. कोळीणबाईने दोन दिवस सगळा माल त्यात बांधून विकला होता. काळाचौकीपासून परळपर्यंत ज्याच्या घरी तिसऱ्या शिजल्या त्याच्या घरी सभेची वेळ पोचली. सेक्रेटरी भारावून गेले आणि म्हणाले, आता मला तुमच्याबरोबर येऊ द्याच.

मामंजींनी त्यांना नाही म्हटलं नाही. सेक्रेटरी आले, बंदराच्या टोकाला उभे राहिले आणि आजूबाजूला बघू लागले.

"माणसं कुठायत?"

"ती काय," मामंजींनी चिखलाकडे हात केला आणि दुर्बीण पुढे धरली.

सेक्रेटरींनी ती घेतली नाही. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग तापला.

"काका," ते म्हणाले, "लोक गोळ्या खातायत. त्या विणकराची पोरं मी रोज बघतो. आणि तुम्ही इथे हे?"

"खरा आसा," मामंजी म्हणाले.

त्यांनी दुर्बीण पिशवीत घातली आणि घराकडे वळले. त्यानंतर तीन दिवस ते गॅलरीत बसून राहिले. खोकला वाढला. सासूबाईंनी मला दोनदा विचारलं, काय झाला? त्यांनी रात्री मामंजींच्या छातीला तेल चोळलं आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "जावा. मी काय म्हणूचंय नाय. जावा तुमच्या कामाक."

चौथ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. सेक्रेटरी होते. चाळीत त्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं, हे आम्हाला नळावरच्या पहिल्या हंड्यावरून कळत होतं. ते दारात उभे राहून सदऱ्याचं बटण फिरवत होते.

"काका, एक विचारायचं होतं. ते लाल होतात ते तेच पक्षी असतात? की करडे जातात आणि लाल दुसरे येतात?"

मामंजींनी त्यांच्याकडे बघितलं. "तेच," ते म्हणाले. "येकेकाचो रंग चढताना मी बघलंय."

"म्हणजे तसं रोज बघायला लागेल."

"रोज नाय. तिथी बघून."

तेव्हापासून आम्ही तिघं जायला लागलो. सेक्रेटरी घाईचे होते. मोजता मोजता आकडा विसरायचे, मास्तर दिसला की मोठ्याने सांगायचे आणि मास्तर उडून जायचा. पण बंदरावर त्यांना बोलावं लागत नव्हतं, आणि दहा-पंधरा दिवसांत त्यांचा घसा मोकळा झाला. त्यांचा खरा आवाज बारीक निघाला. चाळीत कोणाला तो ओळखूच आला नाही.

चैत्रात सत्याग्रहाच्या तुकडीत त्यांनी नाव दिलं आणि पकडले गेले. जाताना चाळीने त्यांना ओवाळलं. गाडीत चढताना ते मामंजींना काही सांगत होते, पण घोषणांमध्ये ऐकू आलं नाही. मामंजींनी मान हलवली. मला म्हणाले, "मोजूक सांगता आसतलो." आम्ही मोजत राहिलो. चाळीस, एकतीस, बावीस. लाल रंग आता पाठीवरही आला होता आणि आकडा दर खेपेला उतरत होता.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी सुटून आले. दाढी वाढलेली, सदरा अंगावर लोंबत होता. पुन्हा हार, पुन्हा टाळ्या. या वेळी चाळीने दोन शब्द मागितले तेव्हा ते खरोखर दोनच शब्द बोलले आणि गर्दीतून वाट काढत आमच्या दारात आले.

"गेले?"

"सात आसत," मामंजी म्हणाले. "काल होते."

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी न सांगता सेक्रेटरींच्या वाटणीच्या भाकऱ्या बांधल्या आणि म्हणाल्या, तुरुंगातून आलेल्याला भूक असते. बंदरावर पोचलो तेव्हा पाणी नुकतंच मागे सरलं होतं. चिखलावर पाच होते. सेक्रेटरींनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"ह्याला तुम्ही लाल म्हणता?" ते शेवटी म्हणाले. "हा काताचा रंग आहे."

"लाल आसा," मामंजी म्हणाले.

"पानात खातो तो कात, काका. तोच रंग."

"एकतीस वर्सां रंगखात्यात होतंय मी."

"मी सूतखात्यात होतो म्हणून मला डोळे नाहीत का?"

कोळीणबाई टोपली ठेवून कमरेवर हात देऊन बघत होती. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि भाकऱ्या कुठे आहेत ते मला विचारलं. मी फडकं सोडलं. मग आम्ही दोघी खायला बसलो.